आवसेचा फोकस

परभणीत घराच्या मागच्या अंगणातून तेजोमेघाचे फोटो काढायचे म्हणजे डोक्याला ताप. ताऱ्यांमधला हा वायूचा ढग इतका अंधूक, की कॅमेऱ्याला तासभर त्याच्याकडे टक लावून बसावं लागतं, आणि चंद्र असला की तेही फुकट. रस्त्यावरच्या दिव्यांनी आभाळ आधीच पिवळं. त्यात शेजारच्या काकूंच्या गच्चीवरचा फोकस थेट माझ्या दुर्बिणीत घुसायचा.

गेल्या हिवाळ्यात महिनाभर आवसेची वाट पाहिली. त्या संध्याकाळी हवा कोरडी, तो तेजोमेघ असलेलं मृग नक्षत्र वर चढलेलं. अर्धं जेवण ताटात टाकून मी काकूंकडे पळालो.

“काकू, दोन तास फोकस बंद करता का?”

“आज? आवसेला घर अंधारात ठेवतेत व्हय? मी तर आज पुढचाबी लावलाय.”

मी समजावलं, चिडलो, शेवटी हात जोडले. काकू ढिम्म. परत येऊन कपडे वाळवायच्या तारेवर चादर टांगली, तर ती वाऱ्यानं कॅमेऱ्यावरच येऊन पडली. आवस गेली.

पंधरा दिवसांनी जेवायच्या वेळेला भिंतीपलीकडून हाक आली. “बाहेर ये बरं! दोन्ही फोकस बंद केलेत. समोरच्यांनाबी बंद करायला लावलेत. काढ तुझे फोटू!”

बाहेर आलो. गल्लीत एकाही गच्चीवर दिवा नव्हता. काकू भिंतीला टेकून कौतुकानं बघत होत्या, आणि त्यांच्या डोक्यामागं पुनवेचा चंद्र लख्ख उगवला होता.

मी मुकाट्यानं दुर्बीण बाहेर आणली.