पद्धतीचा पत्ता

शाळेच्या ओसरीवर चढताना मॅडम चपला हातात घ्यायच्या, हनुवटी वर करायच्या आणि विचारायच्या, "हे ठरवलं कुणी?" तोवर कुणी नमस्कारही केलेला नसायचा.

तुम्ही म्हणाल, काय हा आगाऊपणा! पण आवाज ऐकला असता तर राग आला नसता. लहान लेकरू आकाशातल्या विमानाबद्दल विचारतं, तसं त्या विचारायच्या. पुण्याहून त्या शिरड शहापूरकडच्या शाळांवर संशोधन करायला आल्या होत्या; त्यांतल्याच एका शाळेत मी शिक्षिका होते. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. विषय होता शाळेचं नेतृत्व आणि समता. 'नेतृत्व' ऐकून गावाने परस्पर समजून घेतलं की मॅडम जिल्हा परिषदेला उभ्या राहणार. त्या नादात त्यांना घरोघरी पोहे मिळाले. मॅडमनी ते निमूट खाल्ले.

पहिल्याच दिवशी त्या आमच्या मोठ्या गुरुजींना, म्हणजे मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "रोज मुलीच झाडतात. ठरवलं कुणी?"

"पद्धत हाय, मॅडम."

"कुठे राहते ती? भेटायचंय मला."

गुरुजी खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी झाडू मुलांच्या हाती दिला. झाडणाऱ्याला पाढे म्हणावे लागत नाहीत, हे मुलांनी लगेच ताडलं. झाडूसाठी अशी झोंबाझोंबी सुरू झाली की शाळा लखलखीत झाली आणि पाढे पार बुडाले.

मग तो प्रश्न गोवरासारखा पसरला. एक आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "बाई, पोरगं म्हनून राहिलं, बापाच्या ताटात भाकर आधी काहून? ठरवलं कुणी? आता म्या काय सांगू?" सांगता सांगता तिलाच हसू आवरेना.

अशात मोठे गुरुजी निवृत्त व्हायला आले. त्यांच्यामागे शाळेत सगळ्यांत जुनी मी. नियमाने मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे यायचा. पण मी सिद्धेश्वरजवळच्या तांड्यावरची, त्यात बाईमाणूस. गावातल्या जमीनवाल्या घरचे धाकटे गुरुजी नुकतेच नोकरीला लागले होते. चार्ज त्यांनाच जाणार अशी बातमी कानावर आली आणि मोठे गुरुजी काही गावाच्या शब्दाबाहेर नव्हते. मी घरी जाऊन रडले. ती शाळा माझ्या हाती यावी असं मला फार, फार वाटत होतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला, विचारून येऊ."

सरपंच म्हणाले, "म्या न्हाई बुवा! शाळेच्या समितीत बागायतदार दादा बोलले." आणि तेही आमच्याबरोबर निघाले.

बागायतदार दादा शेतात हळद शिजवत होते. वाफेतून त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. "म्या? जुन्या पाटलांचा शब्द हाय म्हनून म्या मान हालवली." पिवळ्या हातांनी तेही निघाले. मागे शाळेतली सगळी पोरं. वाटेत धाकटे गुरुजी धावत आले, "आवो, मला तं कुणी इचारलंच न्हाई! मला नको चार्ज, लई कागदं असतात त्यात." लग्नाच्या वरातीला बाहेर यावं तशी माणसं दारात येऊन उभी राहिली.

जुने पाटील ओट्यावर दाढी करून घेत होते. एक गाल झाला होता, एक बाकी होता.

"म्या? सरपंचानं ठरवलं म्हनून आयकलं. म्हनलं, बराबरच आसंल."

सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी मागे कुणी आहे का म्हणून वळून पाहिलं. मागे फक्त पोरं. मग जो हशा फुटला! पाटील असे गदगदले की न्हाव्याने वस्तरा लांब धरला. दादा डोळे पुसायला गेले आणि तोंडभर पिवळे झाले. मीही हसले.

हसू ओसरल्यावर पाटील मॅडमना म्हणाले, "मग आता तुमीच सांगा, चार्ज कुनाचा?"

"मी पाहुणी," असं म्हणून मॅडम माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

आता सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

"माझा हाय," मी म्हणाले. "नियमानंबी, आन् कामानंबी."

पाटलांनी अर्ध्या दाढीनिशी मान हलवली. "व्हय बाई. तुमचाच हाय." सरपंच घाईघाईने म्हणाले, "आन् हे म्या ठरवलं बरं का. कुणी इचारलं तं माझं नाव सांगा!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

मी मागे वळले. मॅडमना मिठी मारायची होती आणि मला असं एकटीला पुढे का केलंत म्हणून भांडायचंही होतं. पण हिंगोलीची एसटी गाठायला त्या कधीच निघून गेल्या होत्या. पुढच्या गावची शाळा त्यांची वाट बघत होती.

त्यानंतर त्यांचं पुन्हा येणं झालं नाही. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. निवृत्त होईपर्यंत ती शाळा मी चालवली, मिरवत चालवली. मॅडमनी मला त्या खुर्चीत बसलेलं एकदाही पाहिलं नाही.