कोटंब्यातल्या तीन मुठी

नानासाहेबांनी पक्ष बदलल्याची बातमी वस्तीवर आली तेव्हा बानाबाई मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होती. तिनं कातर थांबवली नाही. अर्धी कातरलेली मेंढी सोडली की कळपात तिचं हसं होतं, असं ती म्हणायची. मेंढी पुरती कातरून झाली, पायाची दोरी सुटली, तेव्हा कुठं तिनं मान वर केली आणि विचारलं, "आन् काकासाहेब?"

काकासाहेब अजून जागेवर होते. निदान त्या दिवशी तरी.

पाचोडकडची पंचायत समितीची जागा त्या वर्षी बायकांसाठी राखीव निघाली होती. नानासाहेबांचा पक्ष एक, काकासाहेबांचा दुसरा, दोन्ही विरोधातले. मागच्या तिन्ही निवडणुकांत दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि गुलाल मात्र सत्तेतल्यांनी उधळला. या खेपेला दोघं शहाणे झाले. उमेदवार एकच द्यायचा, असं ठरलं. मग नानासाहेबांना आपली भावजय द्वारकाबाई हवी झाली आणि काकासाहेबांना आपली सून. दोघंही आपापल्या घरच्या नावावर अडून बसले तेव्हा बानाबाईचं नाव पुढं आलं. धनगर वस्त्यांची मतं एकगठ्ठा, बाई दोघांच्याही घरची नाही, आणि निवडून आली तरी सांगू तिथं सही करील, असा त्यांचा अंदाज. गायरानाला कुणी कुंपण घातलं तेव्हा ते उपटायला पहिला हात तिनं घातला होता. त्यापायी पैठणच्या कोर्टात तिनं वर्षानुवर्षं खेटे घातले, पण समोरच्याशी मिटवून घेतलं नाही. हे दोघांना माहीत होतं. त्यांनी ते मतांसाठी उपयोगाचं मानलं, तिचा स्वभाव म्हणून पाहिलं नाही.

बाई सत्तेतल्यांना फितूर होऊ नये, एवढीच त्यांना धास्ती होती. त्यामुळे शपथेची कल्पनाही त्यांचीच. शहराला लागून असलेल्या सातारा गावात खंडोबाच्या पायरीवर तिघांनी बेलभंडारा उचलला. मतदान होईपर्यंत एकमेकांची साथ सोडायची नाही, असं हळदीची मूठ धरून म्हटलं. काकासाहेब खुशीत होते. "देव तुमच्या धनगरांचा जावई," ते म्हणाले. "तुमचं जरा जास्तच ऐकंल."

"जावयापुढं खोटं बोलाया लई लाज वाटती, काकासाहेब," बानाबाई म्हणाली.

मग तिनं घरच्या देव्हाऱ्यातून आणलेला लाकडी वाडगा, कोटंबा, पुढं केला, तिघांच्या मुठीतला भंडारा त्यात झेलला आणि घरी नेला. वचनाचा भंडारा घरच्या भंडाऱ्यात मिसळायचा नाही, ही वस्तीची रीत. वचन पुरं झालं की तो उधळायचा. मोडायचंच असेल तर ज्यानं उचलला त्यानं स्वतः यायचं आणि चारचौघांत आपली मूठ देवापुढं परत टाकायची. दोघा पुढाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचाही कुळस्वामी तोच. पण तिला बांधून घेताना आपणही बांधले जातोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नानासाहेब सत्तेत गेले ते भावजयीची उमेदवारी घेऊनच. आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काकासाहेबांनी बानाबाईला शहरात गुलमंडीवर, आपल्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर बोलावलं. तिथं तिचा मुलगा सोनाजी आधीच येऊन बसला होता, खुर्चीच्या काठावर, कामावरचा खाकी शर्ट तसाच अंगात. वाळूजच्या कारखान्यात त्याला लावून घेणारा ठेकेदार हा काकासाहेबांचा साडू.

काकासाहेब बराच वेळ गोड बोलले. वरून ठरलंय, एकट्यानं लढून हात पोळतील, पुढच्या वेळी तुम्हालाच देऊ. सत्तेतल्यांनी आपल्याला बाजार समितीची खुर्ची कबूल केली आहे, हे त्यांनी सांगितलं नाही, पण जिन्यावर थांबलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांना ते माहीत होतं. ठेकेदाराचा विषय त्यांनी एकदाच काढला, तोही सोनाजीकडं बघून.

"माय, घे ना मागं," सोनाजी खाली बघत म्हणाला. "लेकरू लहान हाये माझं."

कळपात रात्री लांडगा शिरला तरी बानाबाईला अशी भीती वाटली नव्हती. बशीतला चहा तिनं गार होऊ दिला, मग एका दमात संपवला.

"घेते मागं," ती म्हणाली. "पैठणला तहसिलीत जाताना वाटंवर साताऱ्याला थांबू. तुमी तुमची मूठ परत करा, नानासायबांनी त्यांची. मग म्या सही करते."

काकासाहेबांना ते सोपं वाटलं. त्यांनी नानासाहेबांनाही निरोप धाडला. कोटंबा तिच्या पिशवीतच होता.

देवळाच्या पायरीवर नानासाहेबांचा निरोप आला की पाय मुरगळलाय. बेल विकणाऱ्या बायका हसल्या. माणसं गोळा झाली. बानाबाईनं कोटंबा काकासाहेबांपुढं धरला. काकासाहेबांनी हात उचलला. त्यांचा गाववाला ड्रायव्हर बाजूलाच उभा होता. त्यानं टोपी काढली आणि तोंड फिरवलं. काकासाहेबांचा हात कोटंब्याच्या काठापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"बाई, तुम्ही मला अडचणीत आणलं," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले.

"म्या नाय आणलं. शपथ घ्याया तुमी हसत आलता."

काकासाहेब जाऊन जीपमध्ये बसले. तिच्या सहीशिवाय पैठणला जाऊन उपयोग नव्हता. बानाबाई पायरीवरून हलली नाही. अर्ज मागे घ्यायची मुदत टळली तेव्हा जीप तशीच शहराकडं वळली. बानाबाईनं कोटंबा पदराखाली झाकून घेतला.

"कारखान्यात उद्या काय सांगू?" बरोबर आलेल्या सोनाजीनं विचारलं.

"सांग, माय ऐकत नाय. ते खोटं नाय."

पाचोडच्या पुढच्या बाजारी मेंढरांच्या रांगेपाशी बानाबाई कोटंबा घेऊन उभी राहिली. एकाही पुढाऱ्याची जीप तिच्यासाठी आली नव्हती. तिनं मत मागितलं नाही. ह्यात तीन मुठी हायेत, एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. कोणाकोणाच्या, म्हणून लोक विचारत.

ती तोंड उघडायच्या आत मागून सोनाजी पुढं आला. नावं त्यानं घेतली, सगळ्या बाजाराला ऐकू जातील अशी.