म्हातारा कसा हाय?

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बर्फाची लादी आली तरी ती आतून पोकळ नाही ना, हे मी ठोकून बघतो. रेवसला लाँचचं तिकीट काढलं तर तारीख वाचल्याशिवाय खिशात घालत नाही. वीस वर्षं मासळीच्या बोटीवर तांडेलकी करतोय. बोटीवरचे खलाशी पाठीमागे मला शंकासुर म्हणतात. म्हणू देत. पोकळ बर्फाने मासळी सडली असती तर शिव्या मलाच घातल्या असत्या.

पण गोष्ट माझी नाही, माझ्या बायकोची आहे. तुळशीची.

तुळशी उरणची, बारावी झालेली. मी चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला. लग्नात लोक कुजबुजले की शिवदासच्या घरी ही शिकलेली पोरगी किती दिवस टिकणार? टिकली. वलांडीच्या बांबूवर बोंबील वाळत घालायला शिकली, बाजारात पाटी लावून बसायला शिकली. तोंडाने फटकळ, हाताने उदार. गिऱ्हाइकाला आधी चार शब्द सुनावणार आणि मग मूठभर सुकट जास्त घालणार. खोटं मात्र तिला बोलता येत नाही. बोललीच तर तिचा हात पदराकडे जातो, उगाच सारखा करते.

घरात तिसरा होता माझा धाकटा भाऊ बाळाजी. त्याने टीव्हीवर एक जपानी कार्टून लावायला सुरुवात केली. नुसती हाणामारी. एक पोरगा डोंगरावर जाऊन एका म्हाताऱ्याकडे कुस्तीसारखी कसलीशी विद्या शिकतो आणि दर वेळी त्याला आधीच्यापेक्षा तगडा गडी भेटतो. जपानी नावं आमच्या जिभेवर बसेनात. पोराचे केस उभे, म्हणून तो ताठ्या, आणि त्याचा गुरू तो नुसता म्हातारा. आधी हसणार, मग हाणणार, अशी त्याची रीत. बाळाजी त्याच्यावर फिदा होता. बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक पाय पुढे टाकून, तळवा समोर धरून तो म्हाताऱ्यासारखा उभा राही आणि येणाऱ्या लाटेला म्हणे, ये, बघू तुझी ताकद. खलाशी पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

पुढे टीव्हीवर ते बंद झालं. पण जपानात ते पुस्तकांतून चालूच होतं, म्हणे तीस वर्षं झाली तरी संपायचं नाव नाही. शेजारचा कुलदीप उरणला नोकरीला. तो त्यांच्या इंग्रजीत आलेल्या चित्रपुस्तकांचा नाद करायचा. तुळशी त्याच्याकडून ती आणायला लागली. अडलेला शब्द त्याला विचारायची आणि आम्हाला गोष्ट सांगायची. बोट सुटायच्या दिवशी ती भाकऱ्या बांधत असली की मी एकच विचारायचो, म्हातारा कसा हाय? ती पुढचा भाग सांगायची. तोच मी समुद्रात आठ दिवस पुरवून पुरवून खलाशांना सांगायचो. हर्षद नावाचा माझा खलाशी तर जाळं टाकून झालं की जेवणाआधी गोष्ट मागायचा.

सहा वर्षांपूर्वी आश्विनात बाळाजी बोटीवरून पडला. तीन दिवस शोधला. सापडला नाही. भावकीने त्याचे दिवस घातले, मी बसलो नाही. अंग मिळालं नाही तर दिवस कसले? त्याचा फोटो ट्रंकेत घालून मी कुलूप लावलं. महिन्याभराने पुन्हा बोट काढली. त्या दिवशीही तुळशीला विचारलं, म्हातारा कसा हाय? बरा हाय, म्हणाली.

यंदा माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. गोष्ट सांगताना तुळशीचा हात पदराकडे जायला लागला. कदाचित आधीपासून जात असेल, मी बघितला नसेल. मग एकदा तिला कुलदीपच्या पडवीतून बाहेर पडताना पाहिलं. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला बघून तिने ते मासळीच्या पाटीत सुकटीखाली सारलं. पुस्तक असतं तर लपवलं कशाला? पुस्तकं ती उघड आणत होती की! विचारलं तर काही न्हाय म्हणाली. हात पदरावर.

पाणी कुठेतरी मुरत होतं. कुलदीप तीस वर्षांचा, शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. मी महिन्यातले वीस दिवस समुद्रात. आता तुम्हीच सांगा. समुद्रात मला गोष्ट सांगवेना. हर्षदवर ओरडलो, जेवण गोड लागेना. शेवटी किनाऱ्याला लागल्यावर मी तिच्या भावाला, विनेशला, फोन केला. रविवारी ये, तुझ्या बहिणीचं बोलायचंय. मनात ठरलं होतं, सोमवारी पहाटे बोट सुटायच्या आधी तिला त्याच्याबरोबर उरणला पाठवायची.

रविवारी सकाळी ती वलांडीवर गेली तेव्हा मी घर उलथंपालथं केलं. तांदळाच्या पिंपात ती पुडी सापडली. आत पुस्तकच निघालं. चिठ्ठी असेल म्हणून झटकलं. काही पडलं नाही. मग चित्रं बघायला लागलो. पहिल्याच चित्रात म्हातारा आडवा पडलेला, भोवती पोरं माना खाली घालून बसलेली. पण चार पानं पुढे म्हातारा उठून लढत होता, आणखी पुढे पायरीवर बसून वाटीतून भात खात होता, हसत होता. मी हुश्श केलं. तुळशीने हेच तर सांगितलं होतं, म्हातारा पडला होता पण उठला. बाई खरी होती.

तरी कुलदीपचा जाब घ्यायचाच होता. गेलो आणि पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. हे लपवून का देतोस? तो चांगलाच घाबरला. मी म्हटलं, यात तर म्हातारा मेलेला उठतोय, लपवण्यासारखं काय आहे?

त्याने पुस्तक उचललं आणि पाठीमागून उघडलं.

"काका, जपानी पुस्तक इंग्रजीत आलं तरी उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवटाकडून आलात."

मग त्याने मला पानं सरळ दाखवली. भात खाल्ला, लढला, पडला. पुस्तक सहा वर्षांपूर्वीचं होतं. म्हातारा सहा वर्षांपूर्वीच गेला होता. काकी हेच पुस्तक पुन्हा पुन्हा नेते, कुलदीप खाली बघून म्हणाला. तो कसा बसतो, कसा बोलतो ते बघते आणि पुढची गोष्ट आपल्या मनाने रचते. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.

म्हणजे सहा वर्षं थापा! माझं डोकं फिरलं. पुस्तक घेऊन तरातरा वलांडीकडे निघालो. आणि अर्ध्या वाटेत थांबलो. आमच्या घरी बोट सुटायच्या दिवशी मेल्याचं नाव काढत नाहीत. जाळ्यातल्या माशालाही मेला म्हणत नाहीत, निजला म्हणतात. आणि मी दर वेळी विचारत होतो ते नेमकं बोट सुटायच्या दिवशी. बाळाजीनंतर पहिल्यांदा निघालो त्या दिवशीही.

तुळशी बोंबील उलटत होती. माझ्या हातातलं पुस्तक बघून तिचा हात पदराकडे गेला नाही.

"त्या दिवशी तुमचं तोंड बघितलं मी," ती म्हणाली. "त्या तोंडाला काय सांगणार होते?"

"आता सांग."

"न्हाय. पहाटे बोट सुटतेय. परत या, मग वाचून दाखवते."

दुपारी विनेश आला, तोंड पाडूनच. बहिणीने काय दिवे लावले हे ऐकायची तयारी करून आला होता बिचारा. भावोजी, काय बोलायचं होतं, त्याने विचारलं. चुलीपाशी तुळशी पाठमोरी उभी होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. ट्रंकेचं कुलूप काढून मी बाळाजीचा फोटो विनेशच्या हातात दिला. तुझी बहीण कशी हाय ते सांगायला बोलावलं होतं, म्हटलं, ते पुन्हा कधीतरी. उरणहून हा फोटो मोठा करून आण. चुलीवरचं कालवण उतू गेलं तरी तुळशी हलली नाही.

पहाटे तिने भाकऱ्या बांधून दिल्या. मी विचारलं, म्हातारा कसा हाय? बरा हाय, ती म्हणाली. मी तेच हर्षदला सांगितलं आणि आठ दिवस माझ्याच मनाने पुढचं रचत राहिलो. जमत नव्हतं. तिने सहा वर्षं कसं जमवलं असेल?

मेल्याची बातमी ऐकायला घाईने घरी कोण येतो? मी आलो. तुळशीने हात धुतले, पुस्तक उजवीकडून उघडलं आणि चित्रावर बोट ठेवून सगळं वाचून दाखवलं. म्हातारा पडला तेव्हा मी बाळाजीसाठी रडलो, सहा वर्षांत पहिल्यांदा. ती वाचायची थांबली नाही. वाचून झाल्यावर मी खिळा आणि हातोडी मागितली. विनेशने आणलेला फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावला, आणि हार तुळशीने घातला.