तणमोराची उडी

तणमोर दिसावा म्हणून मी दर पावसाळ्यात अकोल्याकडच्या या माळावर येते आणि दरवेळी तो न दिसताच परत जाते. यंदा गुडघा दुखत होता, म्हणून नवरा सोबत आला. त्याला पक्ष्यांचं वेड नाही.

सकाळभर आम्ही ओल्या गवतात बसून होतो. ऊन चढलं तसा तो म्हणाला, "अगं, पुरे आता. दिसायचा असता तर एव्हाना दिसला असता."

"तू गाडीत जाऊन बस. मी थांबते."

तो गेला नाही. पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन तिथेच बसून राहिला.

आणि समोरच्या गवतातून एक काळा पक्षी उसळला. पंख फडफडवत क्षणभर हवेत थांबल्यासारखा दिसला आणि परत गवतात उतरला. फोटो काढायचं मला सुचलंही नाही. चित्रांत मी त्याला कितीदा तरी पाहिलं होतं; पण ज्याच्यासाठी इतके पाय झिजवले तो डोळ्यांसमोर उडाला, तेव्हा रिकाम्या हातांनी परतलेल्या त्या सगळ्या सकाळीही मला हव्याहव्याशा वाटल्या.

डोळे पुसून मी उठू लागले, तर नवऱ्यानं हात धरून मला खाली बसवलं.

"थांब," तो कुजबुजला, "परत उडेल."