तालुक्याच्या व्हीसी रूममधून बोलतेय

लोक म्हणतात, "तू लय हसवतेस, हे सगळं लिहून काढ." अहो, मला हसवायचं नसतंच! मी तळतळून सांगत असते आणि समोरचा पोट धरून हसत असतो. मग राग जिरवायला मी तेच दुसऱ्याला सांगते, तोही हसतो. असे किस्से साठत जातात. ज्याच्यावर बेततं त्याच्याकडं राग राहतो, ऐकणाऱ्याकडं किस्सा.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी नऊ वर्षं कंत्राटी ऑपरेटर आहे. व्हीसी रूम माझ्याकडं. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. प्रोजेक्टर लावायचा, कॅमेरा साहेबांकडं वळवायचा, नेट गेलं की शिव्या खायच्या. सोबतीला शिपाई रहीमभाई आणि हेडक्लार्क स्वामीअप्पा. अप्पा म्हणजे कपाळावर विभूती, टेबलावर फायली आणि कुणाचं एक ऐकून घेणार नाहीत!

*

नवा प्रोजेक्टर आला. बसवणाऱ्यानं तो छताला उलटा टांगला. तसाच टांगतात, त्यात चूक नाही. फक्त रिमोटनं एक सेटिंग बदलायचं असतं, मग चित्र सुलटं होतं. एका मिनिटाचं काम!

पण रिमोट साहेबांनी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. "महागाची वस्तू आहे, हरवली तर जबाबदार कोण?" आणि चावी खिशात घेऊन साहेब गेले ट्रेनिंगला.

झालं! सगळ्या बैठका उलट्या. मी वरच्या साहेबांना सांगितलं, सर, एक बटन दाबायचंय. ते म्हणाले, "तुम्ही टेक्निकल गोष्टीत पडू नका." अहो, मग मला ठेवलंय कशाला? आठवडाभर मी एकेक स्लाइड कॉम्प्युटरमध्ये उलटी फिरवत बसले, म्हणजे पडद्यावर सुलटी दिसेल.

एका बैठकीला फिरवायची राहून गेली. चाळीस ग्रामसेवक माना वाकड्या करून वाचायलेत. रहीमभाई चहाचा ट्रे घेऊन आत आले, पडद्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "म्याडम, सबकू उलटा लटकाना क्या? चाय बाद में देतूं."

*

दुसरं दुखणं म्हणजे रिमोट सपोर्ट. कॉम्प्युटर बिघडला की पुण्याला फोन करायचा, नंबर सांगायचा. मग तिकडचा माणूस तिथूनच आपला कॉम्प्युटर चालवतो. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही.

एकदा अप्पा सकाळपासून निराधारांची यादी टाइप करत बसले होते. दोन बोटांनी. पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते. त्यांच्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरसाठी मी पुण्याला फोन लावला होता. मी प्रिंटरजवळ होते तेवढ्यात अप्पांच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला. अप्पा "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यानं एकेक खिडकी बंद केली. यादीसकट!

फोन स्पीकरवर होता. तिकडून गोड आवाज आला, "सर, ती फाइल सेव्ह करायची होती का?"

अप्पांचा चेहरा लाल झाला. फोनजवळ तोंड नेऊन ते म्हणाले, "बाबा, मी तुमच्या घरात शिरलो, तुमच्या म्होरचं ताट उचललं, नेऊन गायीला घातलं, आन् मंग इचारलं, जेवायलाव का? तर तुमी मला काय म्हणताल?"

तिकडं कीबोर्डची टकटक झाली. मग तोच गोड आवाज, "सर, तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला असं मार्क करू का?"

*

एक साहेब होते, नाव कशाला घेऊ. एके दिवशी त्यांना येलदरीला जायचं होतं. धरणावरची मासेमारी करणारी मंडळी त्यांना जागेवर भेटणार होती. सकाळपासून ती माणसं तिथं उभी. मला त्यांचे तीन फोन आले, "ताई, साहेब निघाले का?" मी काय सांगू? साहेबांचा फोन बंद.

अकराला व्हीसी सुरू झाली आणि साहेब पडद्यावर प्रकटले. मागं येलदरीचं धरण! भरलेलं, निळंशार. "सर, मी साइटवरच आहे," साहेब म्हणाले.

मला आधी खरं वाटलं. मग साहेबांचा एक कान गायब झाला. परत आला. मान हलवली की खांद्याचा तुकडा पाण्यात विरघळायचा. मी ओळखलं, फोटो लावलाय मागं! तिकडं माणसं उन्हात ताटकळायलीत आणि हे घरी पंख्याखाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कंत्राटी माणसानं बोलायचं कुठं?

तेवढ्यात धरणाच्या भिंतीतून एक बांगड्यांचा हात आला. हातात चहाचा कप. कप टेकवला, हात परत भिंतीत.

आमच्या खोलीत सगळ्यांच्या माना पडद्याकडं वळल्या. तिकडं जिल्ह्याला वरचे साहेब मात्र कागदात डोकं घालून बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "आज पाणी किती आहे धरणात?"

आणि साहेबांनी मागं वळून बघितलं!

*

अंगणवाडीताईंची व्हीसी. बावीस जणी खेड्यापाड्यातून आल्या होत्या. दोघी-तिघींच्या कडेवर लेकरं. पहिला दीड तास सूचना. जिल्ह्याच्या मॅडमनी सगळ्या तालुक्यांचा आवाज त्यांच्या बाजूनं बंद केला होता, म्हणजे गोंधळ नको. शेवटी म्हणाल्या, "आता तुमच्या अडचणी सांगा. मोकळेपणानं बोला."

सुशीलाताई उठल्या. त्यांच्या अंगणवाडीचा पत्रा उडाला होता, लेकरं मंदिराच्या ओसरीवर बसायची. त्या बोलायल्या, पण आवाज तिकडून बंद! मी हात हलवते, चॅटमध्ये लिहिते, कुणी बघेना.

मॅडम हसून म्हणाल्या, "वा! कुणाचीच काही अडचण नाही. छान काम चाललंय."

सुशीलाताईंनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आवाज तुमी बंद केलाय', आणि कॅमेऱ्याच्या तोंडासमोर धरला.

मॅडमनी डोळे बारीक करून बघितलं. म्हणाल्या, "त्या ताईंना सांगा, कागद बाजूला घ्या. ग्रुप फोटो काढायचाय."

*

आता गयाबाईंचं सांगते.

गयाबाई गोदाकाठच्या एका खेड्यातल्या. वय साठीच्या पुढं, सातवीपर्यंत शिकलेल्या, चष्मा लावून पेपर वाचणाऱ्या. त्यांच्या शेतात जायचा गाडीरस्ता शेजाऱ्यानं नांगरून टाकला होता. बैलगाडी जाईना. दोन वर्षं त्या कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून बाहेर काढायच्या. अर्ज केला, सुनावणी लागली. ऑनलाइन! मोठे साहेब जिल्ह्याला बसणार आणि गयाबाई माझ्या खोलीत.

पहिल्या तारखेला नेट नव्हतं. दुसऱ्या तारखेला साहेबांना दुसरी मीटिंग. दोन्ही वेळा बाई पहाटेच्या एस.टी.नं आल्या आणि तशाच परत गेल्या. मला म्हणाल्या, "ताई, तुमी वाईट वाटून घिऊ नका. मशिनीला काय कळतंय माणूस कुठून आलंय ते."

तिसऱ्या तारखेला सगळं जुळलं. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी. आत सासऱ्याच्या काळचा नकाशा, चार शेजाऱ्यांच्या सह्या. ओठांतल्या ओठांत त्या काय बोलायचं ते म्हणून बघत होत्या. अप्पा मागं उभे, आमचे साहेब खुर्चीत.

मोठे साहेब आले. म्हणाले, "एक मिनिट थांबा, गटाचा नकाशा स्क्रीनवर दाखवतो, मग तुम्ही बोला." आणि त्यांनी स्क्रीन शेअर केली.

भिंतभर उजेड पडला. नकाशा नव्हताच. टाइप केलेलं एक पान होतं. वर गयाबाईंचं नाव, गाव, आजची तारीख.

बाईंनी चष्मा सारखा केला. त्यांना वाटलं, हे आपल्यासाठीच लावलंय. खुर्चीतून पुढं वाकून त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, "अर्जदार यांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेण्यात आले. अर्जदार यांना आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कोणताही कागद सादर करता आला नाही. सबब..."

मांडीवरच्या पिशवीवरचा त्यांचा हात थांबला.

आमचे साहेब माझ्याकडं वळून दातओठ खात कुजबुजले, "बंद कर ते! प्लग काढ!" प्लग माझ्या पायाशी होता. मी हात मागं बांधले आणि उभी राहिले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि एक पाऊल सरकून ते प्लगच्या पुढं येऊन उभे राहिले.

तिकडं मोठ्या साहेबांच्याही लक्षात आलं असावं. पडद्यावरचा बाण पानावरून सैरावैरा पळायला लागला, बंद करायचं बटन काही सापडेना.

गयाबाई उठल्या. दोन्ही हात जोडून भिंतीला म्हणाल्या, "थांबा साहेब, काढू नका! मी काय बोलले ते तरी मला वाचू द्या!"