न ऐकलेलं कडवं

पडदा वर जातो तेव्हा मळवलीतल्या एका बंगल्याचा व्हरांडा दिसतो. उजवीकडे पोहण्याचा तलाव, डावीकडे पाहुण्यांनी वाटेल तशा टाकलेल्या खुर्च्या, आणि मधोमध, सकाळच्या उन्हाचा झोत अंगावर घेऊन, हातात खराटा धरलेली भामाबाई. वय बासष्ट. बंगल्याची राखण हे तिचं पोटाचं काम. जीव मात्र गाण्यात. कुंडीला टेकवलेल्या मोबाइलमधून पेटी वाजते आणि भाजे गावच्या भिकाजीबुवांचा आवाज उठतो:

एका वेलीचं फूल जोडीचं,
दोन दारांत वाटून गेलं.
दारं राहिली ज्याची त्याला,
गाणं मधेच राहून गेलं.

खराटा थांबतो. पुढची दोन कडवी ती कशीबशी ऐकते आणि शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आत मोबाइल बंद करते. बुवांनी हे नवं गाणं मोबाइलवर पाठवल्यापासून आठवडाभर हेच चाललं होतं.

शेवटचं ऐकायची गरजही नव्हती. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालायचं, हा बुवांच्या आणि तिच्या गायन पार्टीचा पहिल्यापासूनचा रिवाज. बुवांची दोनशे गाणी तिला तोंडपाठ होती आणि प्रत्येकाच्या शेवटी 'भिकाजी म्हणे' होतंच.

विसाव्या वर्षी ती आणि भिकाजी लग्न करणार होते. सगळ्या भाज्याला ठाऊक होतं. पण गाणाऱ्याला पोरगी द्यायची नाही म्हणून तिचा बाप अडून बसला, आणि ती रेल्वेत गँगमन असलेल्या सखारामच्या घरी आली. भिकाजीनं रेणुकेशी संसार मांडला. पुढे पार्टीला बाईचा आवाज हवा होता, तेव्हा सखारामच म्हणाला, "जा की. गळा काय चुलीत घालायचाय?" तो प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचा. तो गेल्यापासून तिथली एक खुर्ची भामाबाई रिकामी ठेवायला लावते.

इतक्या वर्षांत जुन्या गोष्टीचा एक शब्द कुणी काढला नव्हता. आणि आता रविवारी, वलवणच्या समाजमंदिरात, पार्टीच्या पस्तिसाव्या वर्षाच्या सोहळ्यात बुवा हे गाणं म्हणायला सांगत होते! समोर रेणुका बसलेली असणार. तिनं काय समजायचं?

शुक्रवारी पाहुणे गेले तशी भामाबाई चप्पल घालून थेट भाज्याला निघाली. वाटभर एकच वाक्य घोकत होती: आता मला पार्टीतनं मोकळं करा.

दारात रेणुका तांदूळ पाखडत बसली होती.

"बुवा कुटं हायेत?"

"पेटीचा भाता फाटलाय, लोणावळ्याला गेल्यात. बस की."

"बसत न्हाई. त्यांना सांग, रविवारी मी येत न्हाई. पुढंबी न्हाई."

सूप खाली आलं. "का गं? गाणं नाय आवडलं?"

म्हणजे हिनं ऐकलंय! "रेणुका, तुझी शपथ, मला कायबी ठावं नव्हतं. ह्या वयात बुवांना हे काय सुचलं..."

"शेवटचं कडवं ऐकलंस?"

"त्यात काय ऐकायचं? भिकाजी म्हणे."

रेणुका आधी खुदकन, मग पदर तोंडाला लावून हसली. "दोनशे गाणी पाठ म्हणती, अन् एक शेवटपत्तूर ऐकवंना व्हय?" मग तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि नवख्या पोरीसारखी, सूर सोडून, गायला लागली:

रेणुका म्हणे, दोघं गा रं,
माझं काय त्यात सांडून गेलं?

अंगणात कोंबड्या तांदूळ टिपत होत्या. भामाबाई उंबऱ्यावर टेकली.

"तू रचलंस?"

"मंग? पस्तीस वर्षं तुमच्या तालमींना चहा केला, तो काय बहिरी होऊन? बाया इचारायच्या, तुला कसं चालतं गं? दर खेपंला उत्तर द्यायचा कटाळा आला. म्हनलं, एकदाच माइकवर सांगून टाकू."

तेच गाणं भामाबाईनं मनातल्या मनात पहिल्यापासून पुन्हा म्हणून पाहिलं. एक शब्द बदलला नव्हता. पण आठवडाभर त्यात जो झुरणारा म्हातारा दिसत होता, तो कुठेच नव्हता. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिलेली बाई होती, दोघांकडे बघणारी. छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलून अंगणात ठेवावा तसं तिला झालं. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"मंग? येती न्हवं रविवारी?" रेणुकेनं सूप उचललं.

"येती. पर तू मागं चहापाशी उभी ऱ्हायची न्हाईस. पैल्या रांगेत आमच्या ह्यांची खुर्ची रिकामी असती, तितं बस."