बसून खाणारी शेवंती

कोपर गावची शेवंती म्हणजे खाडीकाठच्या आगऱ्यांची धवलारीण. लग्नात धवले गायचे, म्हणजेच लग्न लावायचं, ते तिनं. भट आला तर बरं, नाही आला तरी चालेल. पण धवलारणीनं गायल्याशिवाय हळद अंगाला धरत नाही, अशी लोकांची समजूत. आवाज काही गोड नव्हता तिचा, मिठागरावरच्या वाऱ्यासारखा खरबरीत होता. पण कुठली नवरी कुठल्या ओळीला रडणार, हे तिला नवरीच्या आधी कळायचं.

तिचा लेक महिपत आगगाडीच्या नोकरीत लागला, कल्याण ठेसनात रूळ बदलणारा सांधेवाला झाला. राहायला पक्की खोली मिळाली तशी त्यानं आईला मिठागरावरनं उचलून तिथं आणली. सून गुणाची, जरा जास्तच गुणाची. सासूनं सुपाला हात लावला की सूप काढून घेई, केरसुणी धरली की केरसुणी. देवळापर्यंत जायची तेवढी मोकळीक. महिपत शेजारपाजारी कौतुकानं सांगे, "आये आता बसून खाते."

शेजारणी म्हणत, नशीब काढलंस गं. शेवंतीच्या मात्र काळजात कुसळ रुतायचं. कोपरात 'बसून खाणारी' ही शिवी होती, ऐदी सुनेला हासडायची. तीच लेक मिरवत होता. त्याला बोलावं तरी काय? तो मायेनंच बोलत होता. मायेनं दार लावून घेतलं, तर ते ठोठावायचं तरी कसं?

माघात कोपरचा सहदेव आला. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि रीतीप्रमाणे त्यानं धवलारणीच्या आवतणाची सुपारी आणली होती. शेवंती तेव्हा देवळात. महिपतनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं, की आये आता कुणाच्या दारी गात नाही. लोक म्हणतील लेक पोसत नाही. सहदेवानं वाद घातला नाही. सुपारी भिंतीतल्या दिवळीत ठेवली आणि वाटेला लागला. आणलेली सुपारी माघारी नेत नाहीत.

शेवंती परतली तेव्हा सुनेनं सगळं सांगितलं. शेवंती दिवळीकडं बघत राहिली, पण लेकाचं 'नाही' ओलांडून हात पुढं होईना.

जेवणं झाली. महिपतनं पान घेतलं, अडकित्ता उचलला, समोर दिसली ती सुपारी कातरून तोंडात टाकली. शहरात राहून माणूस सुपारीला नुसती सुपारी समजायला लागतो.

"कुठली खाल्लीस रं?" शेवंतीनं विचारलं.

महिपतचं तोंड चावता चावता थांबलं.

"सुपारी ज्यानं घेतली त्यानं मांडवात उभं राहायचं. आता हळद लागंल तवा धवले तू म्हण."

सुनेनं पदर तोंडाशी नेला. महिपत हसला नाही. सुपारी घेऊन मांडव चुकवला तर घेणाऱ्याच्या घरच्या पोरी बिनलग्नाच्या राहतात, हे त्याला लहानपणी आईनंच सांगितलेलं होतं. आणि त्याला पोरीच पोरी.

लग्नाला जायला आईला गाडी जुंपून दिली त्यानं. वर बजावलं, की दगदग करू नको, बसून गा.

शेवंती लग्न उरकेपर्यंत उभी होती. पहिल्याच दिवशी आवाज फाटला. मग एक कडवं विसरली, तर बायका म्हणाल्या, म्हातारीला शहराचं पाणी बाधलं. ती म्हणाली, पाणी नाही, सुनेचं तूप बाधलं. विसरलेलं कडवं त्या बायकांनीच पुढं ओढलं, आणि तिनं ते मधूनच पकडलं. नवरीची आई रडली, तीही शेवंतीनं नेम धरलेल्या ओळीलाच.

परतली ती पाय सुजलेले, घसा बसलेला. सुनेनं सुंठीचा काढा दिला आणि भिंतीशी टेकवून बसवलं. शेवंती गुपचूप बसली. दमून बसण्यात केवढं सुख असतं, ते पार विसरूनच गेली होती ती. कुणी सूप ओढून घेत नव्हतं, कारण तिलाच ते नको होतं.

मग हळूहळू सूज ओसरली, घसा सुटला. एका सकाळी तिनं केरसुणीला हात घातला. सून धावत आली.

"राहू द्या हो आत्याबाई. तुम्ही बसा."